पाच पुरुषांचा रोट

नारळाची बातमी दोधू न्हाव्याने आणली, आणि सांगितली तीही आप्पांची अर्धी दाढी झाल्यावर.

"पाटील, एक गोट सांगू का? राग नका धरू."

"वस्तरा मन्हा गळावर शे. मी काय राग धरसू?" आप्पा म्हणाले.

"भिलाभाऊ काल नंदुरबारना बाजारमातून नारय लई उना. कानबाईना. उद्या बठाडतस म्हने."

धाकट्या भावाचं नाव ऐकून आप्पांनी मान मागे घेतली. "तुले कोनी सांगं?"

"कोन काय सांगी? तो नारय मीच सोलं ना. शेंडी राखीसन."

मी आत गहू पाखडत होते. सुपाचा आवाज थांबला तेव्हा ओट्यावरचाही आवाज थांबलेला होता. मग आप्पा उठल्याचं कळलं.

"अर्धी ऱ्हायनी, पाटील."

"ऱ्हाऊ दे. तू जाय."

दोधूने धोपटी गुंडाळली. आमच्या घरून खालच्या गल्लीत जायला शंभर पावलं पुरतात. पण वरच्या गल्लीतून आलेला न्हावी तिकडे कुणाला चालत नसे. म्हणून तो सात वर्षं नदीकाठाने वळसा घेत होता. आजही तसाच गेला.

आमच्या कुळाची देवी कानबाई म्हणजे एक जुना नारळ, आप्पांच्या आजोबांनी आणलेला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्याला डोळे लावून, नथ घालून चौरंगावर बसवायचं. सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं, पाण्यात बुडवून परत आणायचं आणि वर्षभर कोठीत ठेवायचं. आदल्या शनिवारी रोट मापायचा. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे शेरभर गहू आणि वर एक मूठ. तो दळून त्याच्या पुरणपोळ्या करायच्या आणि त्या कुळातल्यांनीच खायच्या, शेवटच्या घासापर्यंत. परक्याला द्यायच्या नाहीत, टाकायच्या तर नाहीतच. शेत वाटलं गेलं, चुली वेगळ्या झाल्या, तरी ज्यांचा रोट एक ते एक घर. नवा नारळ बसला की नवा रोट सुरू होतो, आणि आमच्यात वेगळा झालेला रोट पुन्हा एक झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

मागच्या आषाढात माय गेली. गेल्या साली सुतकात कानबाई बसलीच नाही. तिच्यामागची ही पहिली. मी लोणखेड्याहून, माझ्या सासरहून, चार दिवसांसाठी आले होते. घरात आप्पा आणि माझा भाऊ छगन, दोन पुरुष आणि एक थंड चूल. वर्ष झालं तरी मायचं लुगडं दांडीवर तसंच होतं. ते काढायचं कुणाला सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही कुणी हात लावला नव्हता.

भांडण कशाचं, हे आता गावातली पोरं विचारतात तेव्हा मला सांगायची लाज वाटते. सात वर्षांपूर्वी भिलाकाकांच्या कोकिळाचं लग्न होतं. आमच्यात मुलीच्या मोठ्या काकाला पहिला फेटा बांधतात. गर्दीत, घाईत, भिलाकाकांनी तो आधी व्याह्यांच्या भावाला बांधला. आप्पा पंगतीतून उठले. आप्पा उठले म्हणून अख्खी वरची गल्ली उठली. दोनशे माणसांच्या जेवणाची बट्टी त्या रात्री बैलांपुढे पडली. एवढंच.

घरातला तंटा घरातच राहतो असं मला तोवर वाटायचं. पण दोन भावांनी बोलणं टाकलं, तशी दोन्ही गल्ल्यांनी विहिरी वाटून घेतल्या. मग सुईणी वेगळ्या झाल्या. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात बंधाऱ्याला खिंडार पडलं, तेव्हा ते बुजवायला कुणी गेलंच नाही. बंधारा बांधला आमच्या आजोबांनी. त्यामुळे दर श्रावणात, कानबाई नदीवर गेल्यावर, आमच्या घराण्याने दुरुस्तीचा पहिला दगड टाकायचा आणि दसऱ्यानंतर घरटी एका माणसाने कामाला यायचं, अशी रीत. पहिला दगड दोन भावांनी एका टोपलीतून टाकायचा. टोपली कुणी धरली नाही. पाट कोरडा पडला, खालचा फड, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची सगळी शेती, पडीक झाला, आणि त्या फडाच्या ऊस-गव्हावर पोट असलेल्या भिल्लांच्या बारा घरांपैकी अकरा घरं एकामागून एक सुरतेकडे निघून गेली. पुढे पुस्तकांतून मी राज्यं बुडाल्याच्या हकीकती वाचल्या. त्यातली कुठलीच मला फार दूरची वाटली नाही.

आप्पा आत आले. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर साबण वाळत चाललेला.

"प्रमिला, गहू निवडाई गया का?"

"हो, आप्पा."

"मंग माप. दोन पुरुषना."

मी शेराचं माप हातात घेतलं, तोच छगन दारातून म्हणाला, "ताई कशी मापी, आप्पा? ती आते लोनखेडानी शे."

मी माप खाली ठेवलं. चूक माझीच होती. लग्न झालेल्या मुलीने माहेरच्या रोटाच्या मापाला हात लावायचा नाही, हे मला मायनेच शिकवलं होतं. तिच्या जागेवर बसले आणि तेवढंच विसरले.

"मंग कोन मापी?" आप्पा छगनकडे वळले. "तुन्ही बायको?"

"बायको कोठून लयू? तो शिरपूरना पाहुना काय सांगी गया, याद शे ना? 'मन्ही पोर कोन्या आडवर पानी भरी, ते पहिले ठरावा.' सव्वीस वरीसना व्हई गऊ मी."

"तुले फेटानी किंमत नही शे."

"शे ना. तीच ते मोजी ऱ्हायनू."

आप्पांनी पाठ फिरवली. ते येरझारा घालू लागले. ओट्यापासून कोठीपर्यंत, कोठीपासून ओट्यापर्यंत. "मीच मापसू," एकदा म्हणाले, आणि मापाजवळ येऊन परत फिरले. कुळातल्या बाईनेच रोट मापायचा. आणि कुळातली बाई आता एकच उरली होती, शंभर पावलांवर, खालच्या गल्लीत. हे तिघांनाही कळत होतं. तिचं नाव कुणी काढलं नाही.

दुपार कलायच्या आधी रायसिंग आला. पाटाचा राखणदार; भिल्लांच्या वस्तीत उरलेलं शेवटचं घर त्याचं. बंधाऱ्याचं पाणी कुठल्या शेताला किती वेळ, हे तो ठरवी आणि दोन्ही गल्ल्या निमूट ऐकत. खांद्यावर फावडं होतं. ते त्याने ओट्याला टेकवलं.

"राम राम, पाटील."

"बठ, रायसिंग."

"बठाले येळ नही. हाई फावडं देवाले उनू. तुम्हना बापनं शे."

"का बरं?"

"उद्या सकायमा विसरवाडीकडथीन गाडी जाई ऱ्हायनी. सुरतलगून. पोऱ्या तठेच शे."

"पोळा ते व्हऊ दे."

"पोळालगून काय खाऊ? मी पानी वाटनारा. पानीच नही, ते काय वाटू?"

"ते भिलाले इचार."

"त्याले इचारं ना," रायसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सहन होईना. "तो सांगस, चुडामनभाऊले इचार."

स्वतःचं नाव ऐकून आप्पांनी अर्ध्या दाढीवरून हात फिरवला. वाळलेल्या साबणाचा भुगा उपरण्यावर पडला.

"ठेव तठे," ते म्हणाले.

रायसिंगने आत, दांडीवरच्या लुगड्याकडे पाहिलं. "बाई ऱ्हाती ते..." एवढं म्हणून तो थांबला आणि निघाला. मी पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत तो फाटकाबाहेर पडला होता.

*

त्याच वेळी खालच्या गल्लीत भिलाकाकांची बायको, छबूकाकू, नव्या नारळापुढे बसली होती. पुढचं मला तिनेच सांगितलं, त्यामुळे त्यात तिच्या बाजूने थोडं तिखटमीठ असेल.

भिलाकाका दोनदा आत-बाहेर झाले होते. "डोया लायात का?"

"लायात."

"नथ?"

"नथ वरना घरमा शे."

"सोनारकडथीन नवी आन."

"नवी आनसू. नवा नारय, नवी नथ. जेठ बी नवा आनी देवा." काकू नारळ फिरवत म्हणाली. "सहा वरीस आपला घर कानबाई नही बठनी. गये साल सुतक व्हतं. तवय तुम्हले काही नही वाटनं. आतेच काय व्हयनं?"

काका दाराच्या चौकटीत उभे होते. चौकटीवरचा एक खिळा हलत होता, तो त्यांनी अंगठ्याने आत दाबला.

"वहिनी गयी."

"मंग?"

"मंग आपला तीन पुरुषना रोट आते कोन मापी?"

काकूचे हात थांबले.

गोष्ट अशी होती. भांडणानंतरच्या पहिल्याच कानबाईला मायने दोन पुरुषांचा नव्हे, पाच पुरुषांचा रोट मापला. आप्पा, छगन, भिलाकाका आणि त्यांची दोन मुलं. मापला म्हणजे तो खाल्ला जायलाच हवा. म्हणून तीन पुरुषांच्या पोळ्या फडक्यात बांधून ती परसातल्या काट्यांच्या कुंपणापाशी गेली, आणि कुंपणापलीकडून काकूने त्या घेतल्या. सहा वर्षं. काकू त्या आपल्या पोळ्यांत मिसळून नवऱ्याला आणि मुलांना वाढायची. काकूला वाटायचं, हे आपल्या नवऱ्याला माहीत नाही.

"तुम्हले माहीत व्हतं?"

"जायफय," काका म्हणाले. "तू कधी टाकस नही. वहिनी टाके."

"सहा वरीस खादं आनि बोलनात नही?"

"बोलतू, ते खावाले मियतं का?"

काकूला आधी हसू आलं. ती म्हणते, खरंच आलं, पदर तोंडात धरावा लागला. आणि मग हसू कुठल्या कुठे गेलं.

"बंधारा फुटना, त्या साल बी खादं तुम्ही."

काकांचा अंगठा पुन्हा खिळ्यावर गेला.

"गावले सांगतस, आम्ही एकमेकनं तोंड बी दखत नही. गाव बिचारं खरं मानस. बाया गरभार पोटे घेईसन लांबना आडवर जातस. अकरा घर उठी गयात. आनि तुम्ही दोन्ही भाऊ एकच रोट खाई ऱ्हायनात, पोट भरीसन!"

"बाई, हळू बोल."

"सात वरीस हळूच बोली ऱ्हायनूत ना आम्ही दोन्ही. जेठानी मरी गयी हळू बोलता बोलता."

तिने नारळ उचलला, पदराखाली घेतला आणि उठली. परसाकडे गेली नाही. पुढच्या दाराने बाहेर पडली आणि भर दुपारी गल्लीच्या मधोमध वर चालू लागली. दोन्ही बाजूंच्या दारांत बायका आल्या. कुणीतरी विचारलं, "छबूबाई, कोठे व?" ती म्हणाली, "घर."

*

जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, भावजय थेट बोलत नाही, त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. काकूने पदर नाकापर्यंत ओढला, आत आली, आणि मायच्या जागेवर, सुपासमोर बसली. आप्पा कोठीच्या दाराशी होते. दोघांत पाच हात अंतर.

"प्रमिला," काकू म्हणाली, "तुन्हा बापले इचार, शेर कोठे शे."

शेर तिच्या पुढ्यातच होता.

"प्रमिला," आप्पा म्हणाले, "तुन्ही काकूले सांग, रोट दोन पुरुषना शे."

"तुन्हा बापले सांग, माले मोजता येस. पाच पुरुष शेत."

"सांग तिले, तिन्हा घर नवा नारय शे."

काकूने पदराखालून नारळ काढून माझ्या पुढ्यात ठेवला. डोळे लावलेले, नथ नाही. "सांग, याना डोया काढ नि चटनी वाट. बट्टीसंगे चांगली लागी."

छगन तोंड फिरवून भिंतीकडे पाहू लागला. त्याचे खांदे हलत होते.

"प्रमिला, तिले सांग," आप्पांचा आवाज चढला, "जो नारय लयना, त्याले इचारीसन उनी का ती?"

"तुन्हा बापले सांग, ज्यासनी सहा वरीस ओटावर पाठ करीसन पाच माप मोजात, त्यासनी आते इचारू नही. तुन्ही माय माले सांगे, 'तुन्हा जेठ बोटवर मोजस. पाच व्हयनात का मंगच उठीसन वावरले जास.'"

मी आप्पांकडे पाहिलं. मला ते दिसत होते, ओट्यावर, पाठमोरे, गुडघ्यावर ठेवलेला हात. लहानपणापासून पाहिलेलं चित्र. त्यातली बोटं मी कधी पाहिली नव्हती.

 काकूने वाट पाहिली, मग शेर गव्हात खुपसला. भरला, अंगठ्याने काठ सारखा केला, टोपलीत ओतला, वर एक मूठ टाकली. अंगठा फिरवायची ती लकब मायची होती. अकरा वर्षांची नवरी होऊन काकू या घरात आली, तेव्हा मायनेच तिचा हात धरून ती शिकवली होती. मी सूप उचलून उगाच कोपऱ्यात नेऊन ठेवलं, आणि तिकडेच जरा वेळ उभी राहिले. मागे तिसऱ्या शेराचा आवाज झाला, चौथ्याचा. पाचव्यानंतर आप्पा उठून बाहेर गेल्याचं कळलं. सवयीने.

पण ते वावराकडे गेले नाहीत. छगन त्यांच्यामागे गेला, म्हणून पुढचं कळलं. नदीकाठाने वळसा घेऊन, वाटेतल्या दाढ्या उरकून दोधू तोवर भिलाकाकांच्या ओट्यावर पोचला होता आणि काकांच्या गालाला साबण लावून, काकू कुठे गेली याच्या चौकशा करत बसला होता. आप्पा सरळ गल्लीतून खाली गेले. ओट्यापाशी उभे राहिले. भावाकडे पाहिलंच नाही.

"दोधू, मन्ही अर्धी ऱ्हायनी."

"मी ते तवयच सांगं ना, पाटील."

भिलाकाका साबण लावलेल्या तोंडाने उठले. पाटावरून बाजूला सरले.

"बठ, दादा."

आप्पा बसले. दोधूने वाटीतल्या पाण्याकडे पाहिलं, मग दोघांकडे. त्याला अशा वेळी गप्प बसवत नाही.

"दोन्हीसले एकच पानी चाली का, का दुसरं आनू?"

"चाली," आप्पा म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. फेट्याचं नाव कुणी काढलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

रविवारी कानबाई बसली. मायने जपून ठेवलेली नथ काकूने कोठीतून काढून जुन्या नारळाला घातली. खालच्या गल्लीतल्या बायका बिचकत आल्या आणि मग निघेचनात. सात वर्षांत कुणाला किती नातवंडं झाली, कुणाचे दात पडले, सगळं एका दिवसात उरकायचं होतं. पाच पुरुष एका ओळीत जेवले. काकूने पोळीत जायफळ टाकलं होतं. भिलाकाकांनी पहिल्या घासाला वर पाहिलं, आणि पुन्हा खाली पाहून जेवू लागले. माझं ताट वेगळं होतं, भाजी-भाकरीचं. मी दुसऱ्या कुळाची. पण त्या दिवशी मला भूक लागली होती, वर्षभरात पहिल्यांदा. छगन म्हणाला, आता शिरपूरला निरोप पाठवू. सगळे हसले. मीही हसले. तो सगळा दिवस आम्ही हसत होतो, हे लिहून ठेवायला हवं.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर गेली. पाऊस त्या वर्षी मागे होता, पाणी गुडघ्याइतकंच. काकूने नारळ बुडवला, वर काढला, पुसून डोक्यावर घेतला. मग माणसं आपोआप बंधाऱ्याकडे वळली. वरच्या गल्लीची, खालच्या गल्लीची, सरमिसळ झालेली. आप्पांनी येताना ओट्यावरचं फावडं खांद्यावर टाकून आणलं होतं. छगनने टोपलीत दगड भरले. आप्पांनी एका बाजूने कडी धरली, भिलाकाकांनी दुसऱ्या, आणि दोघे भाऊ पाण्यात उतरले.

खिंडारापाशी ते थांबले. तीन पुरांनी ते चांगलं बैलगाडीएवढं रुंद झालं होतं. पाणी त्यातून फिरत, फेसाळत जात होतं. आप्पांनी डावीकडे पाहिलं, काकांनी उजवीकडे.

"कोठे टाकाना?" आप्पांनी विचारलं.

"मी कधी दखं? रायसिंग पुढे उभा ऱ्हाये. तो पाय रोवीसन दाखाडे, तठे आपन टाकूत."

दोघांनी काठाकडे पाहिलं. काठावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मीही गर्दीत मान वळवून शोधलं, आणि वळवता वळवताच मला आठवलं. उद्या सकायमा, तो म्हणाला होता. ती सकाळ कालची होती. शनिवारी दुपारपासून त्या क्षणापर्यंत आमच्या घरात एकालाही तो आठवला नव्हता. फावडं ओट्यालाच होतं, येता-जाता आमच्या पदरांना लागत होतं. मी ते एकदा बाजूला सरकवून तिथे रांगोळी काढली होती.

कुणीतरी म्हणालं, छगनला विसरवाडीच्या रस्त्याला पाठवा. छगन लगेच धोतर खोचून निघालाही. काठावरून पलीकडची भिल्लांची वस्ती दिसत होती. सकाळची वेळ, पण बाराही घरांतून कुठूनच धूर नव्हता, आणि शेवटच्या, रायसिंगच्या, दाराला बोरीची काटेरी फांदी आडवी बांधलेली होती.

पाण्यात दोघे भाऊ टोपली धरून उभेच होते.

"दादा," भिलाकाका म्हणाले, "जड व्हई ऱ्हायनी."

"धर," आप्पा म्हणाले. "धरी ठेव."